उमरेडच्या आबाजींचे सहा नातू

रेवा, तुझ्या शाळेत 'आजी-आजोबांचं काम' या विषयावर निबंध लिहायचा आहे. मी फोनवर सांगावं आणि तू टाइप करावं, अशी तुझी सूचना आहे. त्याच फोनवर मागून तुझ्या भावाने, ईशानने विचारलं, की आजीला एक ओळ कोड लिहिता येत नाही, तर ती सॉफ्टवेअरच्या मुलाखतींची तयारी कशी काय करून घेते? प्रश्न रास्त आहे. त्याच आठवड्यात इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनीही माझ्या या उद्योगाबद्दल लिहायला सांगितलं. एका कागदावर दोघांचं काम भागत असेल, तर मी दुसरा कागद काढत नाही. तेव्हा हे मेलबर्नच्या तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. बाकीच्यांनी शेजारी बसून वाचावं.

चौतीस वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा ठरवलं होतं, की आता कुणाची वाक्यं सुधारायची नाहीत. ते दोन महिने टिकलं. मग आपल्या नंदनवन वस्तीतल्याच एका शेजारणीची मुलगी आली. इंजिनिअरिंग झालेलं, परीक्षेत मार्क चांगले, पण मुलाखतीत समोरच्याने 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की तिला स्वतःचं नावही आठवत नसे. तिला आठ दिवस बसवलं, तिला नोकरी लागली आणि बातमी पसरली. तेव्हापासून आपल्या पुढच्या खोलीत रोज संध्याकाळी चार ते सहा या वेळेत सहा खुर्च्या मांडलेल्या असतात. एक फळा आहे, चांगलं इंटरनेट आहे आणि एक इन्व्हर्टर आहे. खरं सांगायचं तर माझी कीर्ती पहिल्यांदा इन्व्हर्टरमुळे झाली. मुलाखती आता लॅपटॉपवर होतात, आणि ज्यांच्या घरी लाइटचा भरवसा नाही ती मुलं मुलाखत द्यायलाही माझ्याकडेच येतात.

माझी बरीच मुलं पुण्यातल्या एका वित्त कंपनीसाठी प्रयत्न करतात. एका खात्यातले पैसे दुसऱ्या खात्यात न चुकता पोचावेत, यासाठीचं सॉफ्टवेअर तिथे लिहितात. तिथे चार फेऱ्या असतात. पहिली नुसती मशीनसमोर. दुसरीत कोड लिहायचा, पण समोर एक माणूस बघत असतो आणि लिहिताना डोक्यात काय चाललं आहे ते सतत बोलावं लागतं. तिसरीत एखादी मोठी व्यवस्था कशी उभाराल ते विचारतात. चौथ्या फेरीत कुणी वरिष्ठ बसतात आणि 'असा एक प्रसंग सांगा, की...' अशी सुरुवात करतात. ईशान, पहिली आणि तिसरी फेरी मला कळत नाही, हे मी पहिल्याच दिवशी मुलांना सांगून टाकते. दुसरी आणि चौथी मात्र माझी.

दुसऱ्या फेरीत आपली मुलं पडत, ती कोड येत नाही म्हणून नाही. लहानपणापासून त्यांना एकच सांगितलेलं असतं, पेपर लिहिताना तोंड बंद. आता अचानक तोंड उघडं ठेवायचं. एक मुलगा पाऊण तास एक शब्द न बोलता लिहीत बसला. समोरच्या साहेबांना वाटलं, आवाज गेला. ते बिचारे तीनदा फोन बंद करून परत लावत होते. त्यावर मी उपाय काढला तो चहाचा. प्रत्येकाने माझ्या स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांसाठी चहा करायचा आणि करताना प्रत्येक गोष्ट इंग्रजीत मोठ्याने बोलायची. मी पातेलं घेतो आहे. मी साखर शोधतो आहे. साखर मला वाटली तिथे नाही, म्हणून आता मी वरच्या फळीवर बघतो. साखरेचा डबा मी मुद्दाम रोज हलवते. तुझ्या बाबांना वाटतं, माझं वय झालं म्हणून डबे सापडत नाहीत. त्यांना तसंच वाटू दे.

खापरखेड्याच्या स्वप्नीलच्या पाळीला गॅसच संपला. तो थांबला, मला म्हणाला, "मॅडम, हे सिलॅबसमध्ये नव्हतं." पण हेच पुढे त्याच्या कामी आलं. त्याची दुसरी फेरी त्याने हट्टाने स्वतःच्या घरून दिली, कारण तो वीज केंद्राच्या कॉलनीत राहतो आणि तिथे लाइट जाणं त्याला अपमानकारक वाटतं. अर्थात ती गेलीच. फोनवरून परत जोडला गेल्यावर साहेबांनी विचारलं, कुठे राहतोस? म्हणाला, वीज केंद्राला लागून. साहेब बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, अख्ख्या राज्याला वीज देणाऱ्याच्या दारात अंधार होतो, तर आपल्या यंत्रणेत काय काय व्हावं? आणि स्वप्नील चहा करताना बोलायचा तसा बोलत सुटला. पास झाला.

जरीपटक्याच्या जतीनचं वेगळंच. त्याच्या घरचं कापडाचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही हे त्याच्या हाडात आहे. मुलाखतीत एका साहेबांनी विचारलं, अमुक डेटाबेस येतो का? येत नव्हता. जतीन म्हणाला, "वो तो नहीं है सर, उसी में दूसरा दिखाऊं?" साहेबांनी दुसरा बघितला आणि पसंत केला.

आता वहीबद्दल. माझ्याकडे एक वही असते, लांबट, पुठ्ठ्याची. मुलाखत देऊन आलेल्या प्रत्येकाने दुसऱ्या दिवशी येऊन तिच्यात लिहायचं, हा नियम. पाच रकाने आहेत: तारीख, फेरी, प्रश्न, काय उत्तर दिलं, काय द्यायला हवं होतं. पाचवा रकाना माझा, लाल शाईचा. ही वही सगळ्यांनी वाचायची. मला तिचा फार अभिमान होता. चौतीस वर्षं मी 'आदर्श उत्तरं' लिहून दिली. बोर्डाच्या पेपरांत माझ्या वर्गातल्या साठ मुलांचा निबंध एकाच वाक्याने सुरू व्हायचा आणि त्यात काही गैर आहे असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

प्रणाली मूळची उमरेडची. नंदनवनात मावशीकडे राहायची. तिचे आबाजी, म्हणजे आजोबा, हातमागावर कापड विणतात. घरातलं दुसरं कुणी आता माग चालवत नाही. मुलगी हुशार, हळू बोलणारी, आणि चेहऱ्यावर सतत एक 'बघू' असा भाव. पण तिची वेळ संपत आली होती. पुण्याची ती कंपनी पदवी घेऊन दोन वर्षं व्हायच्या आतल्याच मुलांना बोलावते. प्रणालीची दोन वर्षं त्या महिन्याअखेर पुरी होत होती. त्याआधी दोन ठिकाणी ती शेवटच्या फेरीत राहिली होती. हा दरवाजा बंद झाला की पुढे तिच्याजोगे दरवाजे फारसे नव्हते, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

सरावात मी तिला चौथ्या फेरीचा नेहमीचा प्रश्न विचारला. समस्या सोडवायला कुणाकडून शिकलीस? ती म्हणाली, आबाजींकडून. मागावर उभे लावलेले धागे म्हणजे ताणा आणि आडवा फिरणारा धागा म्हणजे बाणा. कापडात चुकीची रेघ दिसली की शिकाऊ माणूस ती रेघच चिवडत बसतो. आबाजी आधी एवढंच बघत, की रेघ उभी आहे की आडवी. आडवी असेल तर चूक त्या एका वेळेची, बाण्यातली, तेवढंच उसवायचं. उभी असेल तर ती सुरुवातीला ताणा लावतानाच झालेली. कापड कितीही पुढे गेलं तरी ती सोबत येत राहणार, आणि उठून मागे जाऊन बघितल्याशिवाय सुटका नाही. प्रणाली म्हणाली, मी कोडमधली चूकही अशीच शोधते. पुढे तिने आबाजींची एक फजिती सांगायला घेतली होती.

मी खुर्चीतून उठलेच. असं उत्तर चौतीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मी ते वहीत उतरवलं, इंग्रजी घासूनपुसून घेतलं, आणि शेवटची फजिती लाल रेघ मारून काढून टाकली. मुलाखतीत आपल्या माणसांच्या चुका सांगू नयेत, असं तिला समजावलं. खाली लिहिलं: आदर्श उत्तर.

मग प्रणालीच्या चौथ्या फेरीची तारीख कंपनीने दोन आठवडे पुढे ढकलली. मधल्या दिवसांत माझ्या पाच मुलांच्या चौथ्या फेऱ्या झाल्या. सगळे येऊन म्हणाले, छान झाली. वहीत लिहिलं, 'प्रसंग विचारला, सांगितला.' कुठला, ते मी विचारलं नाही.

पाचवा जतीन. त्याच्या दुकानात रंगकाम चालू होतं, म्हणून त्याने फेरी माझ्या खोलीतून दिली. नियमाप्रमाणे मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी चपलांच्या कपाटाजवळ बसले. स्क्रीनवर एक वरिष्ठ बाई होत्या, मोजकं बोलणाऱ्या. बोलणं सगळं इंग्रजीत, मी मराठीत देते. त्यांनी प्रश्न विचारला आणि जतीनने छाती भरून उत्तर सुरू केलं, "माझे आजोबा उमरेडला विणकर आहेत."

जतीनच्या आजोबांना मी ओळखते. जरीपटक्याच्या दुकानात गल्ल्यामागे बसतात. त्यांनी मला निदान वीस ब्लाउजपीस विकले असतील. विणलेला एकही नाही.

बाईंनी चष्मा काढला. "उमरेड? या पंधरवड्यात असं सांगणारे तुम्ही पाचवे."

जतीनने ओळखलं, गिऱ्हाईक उठायला लागलं होतं. म्हणाला, "एकत्र कुटुंब आहे, मॅडम."

मी चपलांच्या कपाटाकडे तोंड करून बसून राहिले. हसू येत होतं, आणि मग आठवलं, की तीन दिवसांनी प्रणालीला त्याच बाईंसमोर बसायचं होतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी सगळ्यांना बोलावलं आणि प्रणालीला सगळं सांगितलं. वर्गात 'माझी चूक झाली' असं म्हणायची सवय शिक्षकांना नसते. मला ते एक वाक्य बोलायला फार वेळ लागला. ती रागावली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "मॅडम, आता मी माह्या आबाजीले कुठी लपवू?"

मग तिने मोर्चा स्वप्नीलकडे वळवला. "काहून बे, तुया आबाजी तं पावर हाउसमंधी फिटर होता ना?"

स्वप्नील खाली बघत म्हणाला, "मंग काय सांगू? माह्या आबाजीनं सांगण्यासारखं काही केलंच नाही. ड्युटीवर जाये, घरी ये, झोपे."

"आणि तू रे जतीन?"

"वहीत लाल शाईनं होतं," जतीन म्हणाला. "मले वाटलं, सिलॅबस आहे."

हे वाक्य जतीनने माझा बचाव म्हणून म्हटलं नव्हतं, आणि आरोप म्हणूनही नाही. पण मला ते दोन्ही कानांनी ऐकू आलं. मुलांनी चोरी केली नव्हती. त्यांना जे करायला मी शिकवलं तेच त्यांनी केलं होतं. हातमागाचं कापड मी घेतलं आणि त्याचे सहा गणवेश शिवले.

बाकीच्या मुलांना घरी पाठवल्यावर मी घाईने वही उघडली, लाल पेन काढलं आणि प्रणालीला म्हटलं, काळजी करू नकोस, आपण दुसरा प्रसंग लिहू. तुझ्या मावशीचा, कॉलेजच्या प्रोजेक्टचा, कुठलाही. मी लगेच लिहून देते.

तिने हात पुढे करून वही मिटली. उद्धटपणे नाही, देवघरातलं पुस्तक मिटावं तशी.

"नका लिहू, मॅडम. तुम्ही लिहिलं का ते सगळ्यायचं होऊन जाते."

मग ती आत गेली, चहा केला, एक शब्द न बोलता. साखरेचा डबा पहिल्याच फटक्यात सापडला.

तिच्या फेरीच्या दिवशी मी दाराची बेल काढून ठेवली, भाजीवाल्याला कोपऱ्यावरून परत पाठवलं आणि कपाटाजवळच्या माझ्या खुर्चीत बसले. हातात काही नसावं म्हणून पेनसुद्धा आत ठेवलं. प्रणालीने केस घट्ट बांधले होते. स्क्रीनवर त्याच बाई. त्यांनी आधी प्रसंग वगैरे काही विचारलं नाही. बहुधा आमच्या प्रसंगांना त्या कंटाळल्या होत्या. सरळ कामाचं विचारलं. आमच्याकडून रोज संध्याकाळी एक अहवाल जातो. आज त्यातली एक बेरीज चुकली आहे. तुम्ही आधी कुठे बघाल?

प्रणालीने उत्तर द्यायच्या आधी प्रश्न विचारला. "आजच चुकली, की रोज तेवढीच चुकते?"

"त्याने काय फरक पडतो?"

"आजच चुकली असेल तर मी आजचा व्यवहार बघेन. रोज तेवढीच चुकत असेल, तर ती पहिल्या दिवशी मांडणी करतानाच झाली आहे. मग आजचं कितीही उसवून उपयोग नाही, मागे जावं लागेल."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. "हे कुठे शिकलात?"

मी डोळे मिटले. 'कॉलेजमध्ये' असं एक शब्दाचं उत्तर देऊन ती सुटू शकत होती. मला बोलायची मुभा असती तर मी तिला तेच सांगितलं असतं.

प्रणाली म्हणाली, "सांगते, मॅडम. पण तुम्हाला ते ऐकल्यासारखं वाटेल."

"आजोबा?" बाईंनी विचारलं. "उमरेड?"

"हो."

"म्हणजे तुम्ही सहाव्या."

"नाही, मॅडम. मी पहिली. तुमच्याकडे आलेले पाचही आजोबा माझेच होते. आमच्या क्लासच्या वहीतून गेले."

बाईंच्या चेहऱ्यावर विश्वासही नव्हता आणि अविश्वासही. मग त्यांनी असा प्रश्न विचारला, जो माझ्या वहीत कुठल्याच पानावर नव्हता. "त्या पाचांचे आजोबा कधीच चुकले नाहीत. तुमचे चुकले होते का?"

आणि मी लाल रेघ मारून काढून टाकलेली फजिती प्रणालीने सांगितली. एकदा आबाजींच्याच कापडात उभी रेघ आली. सगळी गल्ली म्हणाली, ताण्यात बघ. आबाजी म्हणाले, माझा ताणा चुकत नाही, रंगाऱ्याने धागा खराब दिला. उठले नाहीत. नऊवारी पातळ शेवटपर्यंत त्या रेघेसकट विणलं. ते कुणी घेईना. मग आजीने ते नेसायला काढलं, आणि आजही घरातल्या प्रत्येक लग्नात ती मुद्दाम तेच नेसते. आबाजी त्या दिवशी दुसऱ्या पंगतीला बसतात. "मला मागे जाऊन बघायला आबाजींनी शिकवलं नाही, मॅडम," ती म्हणाली. "आजीच्या पातळाने शिकवलं. ते तर मला सतत दिसतं."

बाई हसल्या. पाच आजोबा ऐकून न हसलेल्या बाई मोठ्याने हसल्या, आणि मग पुढचा अर्धा तास त्या दोघी एका अहवालाबद्दल काय काय बोलत होत्या, त्यातलं मला अक्षर कळलं नाही. एवढंच कळलं, की प्रणाली विचारत होती आणि बाई उत्तरं देत होत्या.

महिना संपायला चार दिवस असताना तिला पत्र आलं. ती आता पुण्याला आहे. त्या पाचांपैकी जतीनही लागला. त्याचा कोड खरोखर चांगला होता, आणि 'एकत्र कुटुंब' बाईंना आवडलं असावं, असं तो स्वतः सगळ्यांना सांगतो. स्वप्नीलला तिथून नकार आला. पुढच्या कंपनीत त्याने आपल्या फिटर आबाजींची गोष्ट सांगितली. नेमकी काय ते मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. तिथे त्याची निवड झाली. ड्युटीवर जाणाऱ्या, घरी येणाऱ्या आणि झोपणाऱ्या माणसाबद्दल त्याला काहीतरी सापडलं म्हणायचं.

वही अजून आहे, पण आता रकाने चारच. लाल पेन मी कपाटात ठेवलं आहे. त्या साठ-साठ मुलांचे निबंध मात्र कधीकधी आठवतात. त्यांच्यातल्या कितीजणांच्या घरी रेघ असलेलं पातळ असेल आणि मी किती रेघा मारल्या असतील, ते आता विचारायला कुणी जवळ नाही.

तेव्हा रेवा, मी फोनवर निबंध सांगणार नाही. हे आईकडून वाचून घे आणि तुला जसं जमेल तसं लिही. इंग्रजी चुकलं तर चुकू दे. तपासायला माझ्याकडे पाठवू नकोस, मला राहवणार नाही. एक अट आहे. आजीचं जिथे चुकलं, तेवढं गाळायचं नाही.